घाडी सरांच्या नावाने

जून महिन्यात शाळा ऑनलाइन सुरू झाली आणि रुचिताच्या घरात सुशांतचा आवाज परत आला.

आला तो वरच्या मजल्यावरून. रुचिता जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या तिच्या कंपनीत व्हॉल्व्ह बनत आणि रुचिता त्यांची ड्रॉइंग काढायची. पहिला लॉकडाऊन लागला तेव्हापासून ते काम मोहन्यातल्या याच दोन खोल्यांतून चाललं होतं. सकाळची मीटिंग नुकतीच संपलेली, हेडफोन बाजूला काढून ठेवलेला, खिडकी उघडी. आणि वरून, अगदी स्वच्छ, तिचा नवरा म्हणाला, "चला, वह्या काढा. आज त्रिकोणाच्या घरी जायचंय."

सुशांत एप्रिलमध्ये गेला होता.

रुचिताचा हात माउसवर तसाच राहिला. तिला वाटलं, कान वाजताहेत. अलीकडे ते बरेचदा वाजायचे. पण आवाज थांबेना. त्याने बाह्यकोन म्हणजे काय ते समजावलं, मग नेहमीसारखं "सांगा बरं?" म्हणाला आणि उत्तरासाठी थांबला. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. रुचिताने वळून ओट्याकडे पाहिलं. गॅस बंद होता आणि कुकर तर घासायच्या भांड्यांत पडला होता. मग वरूनच एक बाई ओरडली, "सुशांत, तुझा चहा गार होतोय रे!"

तो तिचाच आवाज होता. भरलेला, जरासा वैतागलेला, हाक मारली की ओ येणारच हे धरून चाललेला. असं आपण बोलायचो हेसुद्धा ती विसरून गेली होती.

ती जिना चढून वर गेली. दार योगिनीने उघडलं. तिचा मुलगा हर्षित सुशांतच्याच शाळेत नववीत होता. आत मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून तो वहीत त्रिकोण काढत होता आणि मोबाइलच्या पडद्यावर निळ्या शर्टातला सुशांत पांढऱ्या फळ्यासमोर उभा होता.

योगिनीच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "अगं, मी त्याला सांगितलेलं हेडफोन लाव म्हणून. तो तुटलाय. सॉरी गं. शाळेने मागच्या वर्षीचे व्हिडिओ पाठवलेत, नवीन सर मिळेपर्यंत. तुला कोणी सांगितलं नाही?"

"नाही," रुचिता म्हणाली. "राहू दे. बघू दे त्याला."

खाली येऊन तिने खिडकी लावली. लावून काही उपयोग झाला नाही. सुशांत म्हणजे घाडी सर, मोहन्यातले नाव असलेले गणिताचे मास्तर. लॉकडाऊनच्या वर्षात त्यांनी आतल्या खोलीत फळा टांगला, पिठाच्या डब्यावर मोबाइल उभा केला आणि आठवी-नववीचं सगळं गणित रेकॉर्ड करून ठेवलं. नेट नसलेल्या मुलांना नंतर बघता यावं म्हणून. व्हिडिओची कापाकापी त्यांना येत नव्हती आणि आवडतही नव्हती, त्यामुळे शिट्ट्या, भंगारवाला, रुचिताच्या हाका, सगळं त्यात जसंच्या तसं राहिलं. आता ते व्हिडिओ घराघरांत लागत होते. समोरच्या बिल्डिंगमध्ये तो प्रमेय मांडत असायचा तेव्हा शेजारच्या चाळीत सिद्ध करून मोकळा झालेला असायचा. रुचिता दूध आणायला गेली की शिवणकामाच्या दुकानातून तो म्हणायचा, "सांगा बरं?" आणि तिची पावलं आपोआप थांबायची. उत्तर द्यायचं राहून गेल्यासारखी ती पिशवी धरून तिथेच उभी राहायची.

शेवटी तिने शाळा गाठली. मुख्याध्यापक देवराम सर रिकाम्या ऑफिसात मास्क लावून एकटेच बसले होते. सुशांत त्यांना धाकट्या भावासारखा.

"वहिनी, चुकलं माझं," ते म्हणाले. "आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. तुम्ही म्हणत असाल तर आत्ता ग्रुपवर टाकतो, बघू नका म्हणून. फक्त एवढंच आहे, की गणिताला आमच्याकडे आज दुसरं कोणी नाही."

रुचिता बोलायला म्हणूनच गेली होती. पण काढून टाका, हे शब्द तिच्या तोंडातून निघेनात. काढल्यावर तो आवाज खरंच बंद होणार होता.

"असू दे, सर," ती म्हणाली आणि घरी आली.

त्या दुपारी तिने पहिल्यांदा सुशांतचा लॅपटॉप उघडून त्याचं यूट्यूबचं चॅनल पाहिलं. व्हिडिओ लावायची हिंमत झाली नाही. ती नुसती खाली मुलांनी लिहिलेलं वाचत गेली. गुड मॉर्निंग सर. सर आवाज कमी येतो. त्यातच एक प्रश्न होता: सर, दुसऱ्या पायरीत एकशे ऐंशी कुठून आले? लिहिणाऱ्याचं नाव होतं 'भगवान केणे मंडप डेकोरेटर्स'. बापाच्या मोबाइलवरून शिकणारं कुणीतरी पोर असणार. प्रश्न येऊन आठवडा होत आला होता आणि त्याला उत्तर कुणीच दिलेलं नव्हतं.

दिवसभर कोनांत आणि मापांत वावरणाऱ्या रुचिताला ते बघवेना. तिने लिहिलं: "रेषीय जोडी. खालची रेष सरळ आहे ना? सरळ रेषेवरचे शेजारचे दोन कोन मिळून एकशे ऐंशी. आता पुढचं स्वतः करून बघ."

पाठवल्यावर तिच्या लक्षात आलं. लॅपटॉप सुशांतचा, खातं सुशांतचं. उत्तराच्या वर नाव उमटलं होतं घाडी सर, आणि शेजारी त्याचा तो हसरा फोटो.

ती ते पुसणारच होती. तोवर खाली उत्तर आलं: "थँक्यू सर. जमलं."

तिने पुसलं नाही.

दुसऱ्या दिवशी आणखी एकाला अडलं होतं, त्यालाही तिने सांगितलं. मग ते रोजचं झालं. ऑफिसच्या ड्रॉइंगची खिडकी एका बाजूला आणि चॅनल दुसऱ्या बाजूला. मुलं विचारायची आणि ती उत्तर द्यायची, आणि ते हळूहळू सुशांतच्या शब्दांत यायला लागलं. शाब्बास रे वाघा. घाई नको, आकृती आधी. ते शब्द तिला आठवावे लागत नव्हते, बोटं की-बोर्डवर ठेवली की निघायचे. आतल्या खोलीत जाऊन ती त्याच्या फळ्यावर आकृती काढून बघायची, मार्करचा वास हाताला लागायचा, आणि घटकाभर असं वाटायचं की तो आत्ताच तास संपवून बाहेर गेलाय. फळ्यावरचं एक कोपऱ्यातलं त्याचं अक्षर तिने पुसलं नव्हतं. हळूहळू त्याच्या अक्षराशेजारचं तिचं अक्षरही तसंच गोल, तसंच तिरकं यायला लागलं. एकदा उठून पाहिलं तर यातलं आपलं कुठलं हे तिलाच सांगता येईना.

ऑफिसच्या मीटिंगमध्ये एकदा नव्या मुलाने चुकीचं माप टाकलं. रुचिता म्हणाली, "घाई नको, आकृती आधी. सांगा बरं?" आणि वाट बघत थांबली.

तिचा मॅनेजर विनीत सावकाश म्हणाला, "रुचिता, तू ठीक आहेस ना? तुझा आवाज वेगळाच येतोय."

"नेटवर्क," ती म्हणाली आणि माइक बंद केला.

जुलैत योगिनी खाली आली. हातात इडल्यांचा डबा होता, पण ती आली होती दुसऱ्याच कामाला. मास्कच्या आडून दबक्या आवाजात म्हणाली, "रुचिता, तुला एक सांगायचंय, घाबरू नकोस. सुशांतदादांच्या चॅनलवर कोणीतरी उत्तरं देतंय. त्यांच्या नावाने, अगदी त्यांच्यासारखं. पोरांनी ग्रुपवर उठवलंय, घाडी सर वरून शिकवतात म्हणून. हर्षित रात्रीचा एकटा बाथरूमला जात नाही आता. कोणीतरी पासवर्ड चोरलाय गं. किती घाणेरडी माणसं असतात."

रुचिताने डबा घेतला. तिच्या मागे टेबलावर तो लॅपटॉप उघडाच होता. सांगायचं तर त्या क्षणी सांगता आलं असतं. योगिनी समजून घेणारी बाई होती.

"बघते मी," रुचिता म्हणाली. "पासवर्ड बदलते."

दार लावल्यावर तिला स्वतःचीच भीती वाटली. आपण खोटं बोललो याची नव्हे. वरून शिकवतात हे ऐकल्यावर आपल्याला आनंद झाला होता, याची.

त्यानंतर दोन दिवस तिने चॅनल उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर उघडलं, तेव्हा मंडपवाल्याच्या नावाने मोठा मजकूर आलेला होता. तो घाईघाईत लिहिलेला दिसत होता.

"सर, सगळे म्हणतात तुम्ही वारलात. मला माहीत आहे. पण तुम्ही उत्तर देता म्हणून विचारते. माझे पप्पा पण एप्रिलमध्ये गेले. कदाचित तुम्हाला भेटले असतील. ते उंच आहेत आणि मोठ्याने बोलतात. त्यांना ॲडमिट केलं तेव्हा माझी तुमची टेस्ट होती, म्हणून त्यांनी फोन माझ्याकडे ठेवला. म्हणाले, तू टेस्ट दे, मी दोन दिवसांत येतो. मग त्यांना कोणाला फोनच करता आला नाही. ते माझ्यावर रागावलेत का, एवढं विचारून सांगा. गणिताचं आता काही नाही विचारत."

रुचिताने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग तो मजकूर दुसऱ्या कुणाला दिसू नये म्हणून लपवून टाकला आणि देवराम सरांना फोन लावला.

"सर, भगवान केणे कोण?"

"आटाळीचा मंडपवाला," ते म्हणाले. "गेला हो बिचारा एप्रिलमध्ये. आपल्या सुशांतच्या आगेमागेच. मुलगी आपल्याकडेच आहे, नववीला. समृद्धी. का?"

रुचिताने नंतर सांगते म्हणून फोन ठेवला आणि पडद्याकडे बघत बसली. इतके दिवस त्या व्हिडिओच्या खाली एक गेलेला माणूस विचारत होता आणि दुसरा गेलेला माणूस उत्तर देत होता.

उत्तर एका ओळीचं होतं. नाही बाळा, मुळीच रागावलेले नाहीत. तिने ते टाइप केलं. वाचायला ते अगदी खरं वाटत होतं. कुठला बाप याहून वेगळं बोलला असता? एक बोट दाबायचं आणि आटाळीतली एक मुलगी आज नीट जेवली असती. रुचिताचं बोट कितीतरी वेळ तसंच वर राहिलं. मग तिच्या मनात आलं, ही उद्या आणखी काही विचारेल. पप्पा काय म्हणाले, कुठे आहेत, मी येऊ का तिकडे.

त्या शेवटच्या प्रश्नाने ती खुर्चीवरून उठलीच. टाइप केलेलं पुसलं, पर्स घेतली, मास्क लावला आणि रिक्षा पकडली.

आटाळीत केण्यांचं घर विचारावं लागलं नाही. रस्त्यालगत मंडपाचे बांबू रचून ठेवले होते आणि वरून पावसाने वाढलेला वेल त्यांच्यावर चढला होता. कनाती प्लॅस्टिकखाली गुंडाळून पडल्या होत्या. वर्षभरात लग्नंच अशी झाली नव्हती. ओटीवर एक म्हातारी बसली होती, भगवानची आई आवडाबाई. तिने रुचिताकडे पाहिलं आणि आत हाक दिली, "गोदा, कोन आलंय बघ गो."

गोदा हात पुसत बाहेर आली. समृद्धीची आई. कपाळ मोकळं, चेहरा ओढलेला. "कोन पायजे, ताई?"

"मी घाडी सरांची बायको," रुचिता म्हणाली. "समृद्धीला भेटायचंय. आणि तुम्हालाही काही सांगायचंय."

गोदाने तिच्याकडे नीट पाहिलं. दोघींनी एकमेकींना न विचारता जे ओळखायचं ते ओळखलं. "बसा," ती म्हणाली. "पोर आतच हाय. सरांवर लय जीव तिचा. मधी जेवायची पन नाय. आता महिनाभर जरा बरी हाय, अभ्यासाला लागलीय."

हे ऐकून रुचिताला तिथून पळून जावंसं वाटलं.

समृद्धी दारात येऊन उभी राहिली. उंच, सडपातळ पोरगी, हातात मोठा जुना मोबाइल. तिने विचारलं, "कोण?"

"मी रुचिता. सरांच्या घरची."

आवाज ऐकताच मुलीचे डोळे मोठे झाले. "तुम्ही चहावाल्या मॅडम!" ती म्हणाली आणि हसली. "व्हिडिओत ओरडता त्या. सरांनी पाठवलं तुम्हाला? मी त्यांना विचारलेलं..."

"समृद्धी, इकडे ये. बस."

"सांगा ना. काय म्हणाले?"

रुचिताने ठरवलं होतं आधी थोडं बोलायचं, मग हळूच सांगायचं. पण त्या चेहऱ्यासमोर तिला काही सुचेना. "सर काही म्हणाले नाहीत, बाळा. सर गेले. ती उत्तरं मी लिहीत होते. लॅपटॉपवर त्यांचं नाव होतं. मी ते बदललं नाही. माझं चुकलं."

मुलगी क्षणभर तिच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "रेषीय जोडी?"

"मीच."

"शाब्बास वाघा?"

"तेही मीच."

"मग हे एक सांगायला तुम्हाला काय झालं?" समृद्धी ओरडली. "एवढी सगळी उत्तरं खोटी दिलीत, तर हेपण द्यायचं होतं! पप्पा रागावले नाहीत म्हणून लिहायचं होतं! मी मानलं असतं!"

ती आत पळाली आणि दार आपटलं. कडी लागल्याचा आवाज आला.

गोदा तिथेच गोंधळून उभी होती. रुचिताने तिला सगळं सांगितलं, काहीही न लपवता. पोरीने काय विचारलं होतं तेही. गोदा ऐकता ऐकता ओटीच्या पायरीवर खाली बसली.

"फोनचा?" ती म्हणाली. "फोनचा ती मनात धरून बसलीय? आये, ऐकलं का? मना एका शब्दानं नाय बोलली." मग उठून दारापाशी गेली. "समू, अगं येडे, त्याचे तोंडाला मास्क व्हता ऑक्सिजनचा. तो कसला फोन करनार व्हता?"

आतून मुलगी म्हणाली, "ऐकलं तरी असतं त्यांनी. आपण बोललो असतो, त्यांनी ऐकलं असतं."

गोदाने कपाळ दाराला टेकलं.

रुचिता पुढे झाली. जे तिने अजून कुणाला, स्वतःच्या आईलाही सांगितलं नव्हतं, ते ती त्या बंद दाराशी बोलायला लागली.

"समृद्धी, सरांकडे फोन होता. शेवटपर्यंत उशाशी होता. मी लावला, सिस्टरने त्यांच्या कानाला धरला. मला माहीत होतं, आता पुन्हा बोलायला मिळेल न मिळेल. तर मी काय बोलले सांगू? गॅसचा नंबर कुठल्या नावावर आहे ते विचारलं. मग विचारलं, जेवलास का. त्यांना जेवता येत नव्हतं. मग मी म्हटलं, मी उद्या परत फोन करते. बस, एवढंच. इकडे माझ्या हातात फोन, तिकडे त्यांच्या कानाला फोन, आणि बोलायचं होतं ते सगळं राहून गेलं."

आवडाबाईने पदर तोंडाला लावला होता.

"मी तेव्हापासून तेच उत्तर शोधत होते," रुचिता म्हणाली. "त्यांनी काही तरी बोलायला हवं होतं असं वाटायचं, म्हणून मग मीच त्यांच्या नावाने बोलत राहिले. तुझे पप्पा रागावले होते की नाही हे मला माहीत नाही. खोटं नाही सांगणार. पण तुझ्याकडे फोन राहिला म्हणून काही अडलं असं नाही. माझ्याकडे होता, तरी अडलंच."

कडी निघायला बराच वेळ गेला. समृद्धी बाहेर आली तेव्हा रडून तिचं तोंड सुजलं होतं. तिने रुचिताकडे बघितलं नाही. आईच्या शेजारी बसून भिंतीकडे बघत विचारलं, "मग सर काय बोलले? गॅसचं?"

"काही नाही. खोकले. मग सिस्टरने फोन काढून घेतला."

मुलीने मान हलवली. गोदाने तिला जवळ ओढलं, तेव्हा ती आखडली आणि मग एकदम सैल पडली. रुचिता उठली. आवडाबाई म्हणाली, "चा पिऊन जा गो बाय." पण रुचिता हात जोडून निघाली.

त्या संध्याकाळी तिने प्रत्येक व्हिडिओच्या खाली लिहून टाकलं: घाडी सर आता नाहीत. उत्तरं मी, त्यांची पत्नी रुचिता, देत होते. यापुढे विचाराल तर माझ्याच नावाने देईन. मग वर जाऊन योगिनीलाही सांगितलं. योगिनी सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "हर्षितला तू स्वतः सांग. माझं तो ऐकायचा नाही." देवराम सर फोनवर रागावले. पालक काय म्हणतील याची त्यांना काळजी होती. काही पालक बोललेही. मुलांनी खाली हात जोडलेली चित्रं टाकली, फुलं टाकली, आणि मग प्रश्न यायचे बंद झाले. रुचिता रोज बघायची. कुणी काही विचारत नव्हतं. घर पुन्हा तिच्या एकटीचं झालं, आणि ते आधीपेक्षा जास्त रिकामं होतं, कारण आता आतल्या खोलीत कुणी नाही हे तिला ठाऊक होतं. फळा मात्र तिने पुसला नाही. त्यावरचं अर्धं अक्षर कुणाचं हे अजूनही कळत नव्हतं.

ऑक्टोबरात शाळा उघडली. गणिताला नवीन बाई आल्या. रुचितालाही आठवड्यातले काही दिवस ठाण्याला ऑफिसात बोलावलं. एका रविवारी दुपारी बेल वाजली. दारात समृद्धी होती, शाळेची बॅग पाठीला लावून.

"आईने सांगितलं तुम्हाला विचारायला हरकत नाही," ती म्हणाली. चेहरा अजून घट्टच होता. "नवीन बाई फास्ट जातात."

रुचिताने तिला टेबलाशी बसवलं. दोघींनी वर्तुळाची जीवा घेतली. मुलगी एकदा चुकली. रुचिताने ते तिचं तिलाच सापडू दिलं. इकडच्या तिकडच्या गोष्टी दोघींनी टाळल्या. वही बंद करताना समृद्धीने भिंतीवरच्या सुशांतच्या फोटोकडे पाहिलं.

"व्हिडिओत जाड दिसतात."

"तो मोबाइल खालून लावायचा ना, म्हणून."

"तुम्हाला त्यांचा आवाज येतो? म्हणजे व्हिडिओ बंद असताना?"

रुचिताने खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं. "येतो. भांडी घासताना जास्त."

"मला पप्पांचा येत नाही," समृद्धी म्हणाली. "आधी यायचा. आता आठवायला गेलं की नुसतं तोंड हलताना दिसतं. फोनमध्ये फोटो खूप आहेत, पण सगळे मंडपाचे. एकातही ते बोलत नाहीत."

टेबलावर दोघींच्या मध्ये तो मोठा जुना मोबाइल उपडा पडला होता.

"काय ओरडायचे ते?" रुचिताने विचारलं. "मंडप उभा करताना. माणसांना काही तरी सांगत असतील ना?"

"असंच. दोर ओढायला वगैरे."

"कसं?"

समृद्धी लाजली. मग खुर्चीवरून उठली, घसा साफ केला आणि वर बघून, जणू उंच बांबूवर कुणी बसलंय, हात उंचावून ओरडली, "ए, वर घे! वर घे! आरं, ढिला सोड, ढिला!"

आवाज तिचा नव्हता. जाड होता, गावाकडचा होता, खोलीभर झाला. समृद्धी स्वतःच दचकली. वरच्या मजल्यावर खिडकी उघडली आणि योगिनीने काळजीने विचारलं, "रुचिता, कोण आलंय गं?"

रुचिता मुलीकडे बघत होती. समृद्धीने गळ्याला हात लावला होता, आतून काही निसटून जाईल म्हणून धरल्यासारखा. मग तिने पुन्हा वर पाहिलं आणि पुन्हा हाक दिली, या वेळी आणखी मोठ्याने.